जेन एअरचे राहिलेले पाच पौंड

शाळेत असताना कुठल्यातरी स्पर्धेत बक्षीस म्हणून ‘जेन एअर’ या इंग्रजी कादंबरीची संक्षिप्त, बारीकशी आवृत्ती मिळाली होती, मोठा टाइप, मधेमधे चित्रं. त्यामुळे स्टोरी माहीत होती. गरीब गव्हर्नेस (म्हणजे मालकाच्या घरी राहून शिकवणारी बाई), तिरसट मालक, माळ्यावर कोंडलेली बायको, आग, लग्न. संपलं. आता वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, डोंबिवली लोकलमध्ये फोनवर फुकट मिळतेय म्हणून पूर्ण ३८ चॅप्टर वाचले आणि दोन आठवडे डोक्यातून जातच नाहीये.

मी पेरोलमध्ये काम करते, त्यामुळे असेल कदाचित, पण मला या कादंबरीतला सगळ्यात रोमँटिक सीन वाटला तो पगाराच्या हिशेबाचा. झालंय असं की जेनची मामी आजारी आहे (इंग्रजीत नुसतं आन्ट, पण ती मामीच, आणि वागलीही अगदी गोष्टीतल्या मामीसारखी), म्हणून जेन मालकाकडे, रॉचेस्टरकडे, सुट्टी मागते. तो विचारतो, तुझ्याकडे पैसे किती आहेत? ही पर्स काढून दाखवते, पाच शिलिंग, म्हणजे पाव पौंड! वर्षाला ३० पौंड ठरलेत आणि त्यातला एक पैसाही तिला अजून मिळालेला नाही. साहेब पन्नासची नोट काढतात. ही म्हणते, माझे पंधराच होतात, माझ्याकडे सुट्टे नाहीत. मग तो जरा विचार करून दहाच देतो, आणि ही काय म्हणते, तर आता तुमच्याकडे माझे पाच राहिले! तो म्हणतो, मग ते घ्यायला परत ये. वर त्यातलेही नऊ परत मागून बघतो, तर ही पर्स धरून हात पाठीमागे! मग तो म्हणतो पाच तरी दे, तर ही पाच पेन्सही देणार नाही म्हणते. मी ट्रेनमध्ये मोठ्याने हसले, समोरच्या बाईने मान वर करून बघितलं.

चंद्र नाही, गुलाब नाही, पण ‘पाच राहिले’ म्हणजे परत भेटायचं, हे दोघांनाही पक्कं कळलंय.

शार्लट ब्रॉन्टीने हे पुस्तक १८४७ साली करर बेल या नावाने छापलं आणि ती स्वतः गव्हर्नेस होती. १८४१ मधल्या नोकरीत तिला पगार २० पौंड, पण कपडे धुण्याचे कापून हातात जेमतेम १६. असल्या कटिंग केलेल्या पगारावर जगलेलीच बाई असा सीन लिहू शकते. जेन लग्न ठरल्यावरसुद्धा म्हणते की मी शिकवणं चालू ठेवणार, माझं खाणंपिणं आणि ३० पौंड मीच कमावणार. आणि काकाचे २० हजार पौंड मिळाले की तीच बाई सरळ चार वाटे करून, एक स्वतःला ठेवून तीन आतेभावंडांना देऊन टाकते.

आतेभावावरून आठवलं. सेंट जॉन. हे पात्र छोट्या आवृत्तीत होतं की नाही तेच आठवत नाही. हा मिशनरी, त्याला हिंदुस्थानात यायचंय, म्हणून जेनची जर्मन बंद करून तिला हिंदुस्थानी शिकायला बसवतो. मग मागणी घालतो, पण कशी, तर तू प्रेमासाठी नाही, कामासाठी घडलीयेस! तसं बघितलं तर त्याच्या बाजूने ती मामाची मुलगी, आपल्याकडे हक्काचंच स्थळ. जेन म्हणते बहीण म्हणून येते, बायको म्हणून नाही. एकदम बरोबर.

सगळंच आवडलं असं नाही हं. रॉचेस्टर म्हातारी भविष्यवाली बनून पाहुण्यांना फसवतो तो प्रकार मला फारच आचरट वाटला, आणि माळ्यावरच्या बायकोला, बर्थाला, एवढ्या मोठ्या पुस्तकात तिची बाजू सांगायला एक वाक्य नाही हे खटकत राहिलं. सगळे तिच्याबद्दलच बोलतात.

गेल्या रविवारी माहेरी गेले तेव्हा कपाट उपसून ती बक्षिसाची प्रत शोधली. पानं पिवळी, आत माझं नाव आणि इयत्ता. सुट्टीचा सीन काढला. जेन म्हणते मामी आजारी आहे, मला जायचंय. साहेब म्हणतात जा, पण लवकर ये. पुढच्या पॅराग्राफला ती गाडीत बसलेली.