हात लावू का?

वेळेआधी आलेल्या पिल्लाचा अतिदक्षता विभागात आज दिवस १९.

दुपारी २ च्या फीडच्या आधी सिस्टर म्हणाल्या, "ताई, आज डायपर तुम्ही बदला." मी कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले, इन्क्युबेटरची दोन्ही गोल दारं उघडली आणि हात आत घालणार तोच तोंडून निघालं, "हात लावू का?"

त्यांनी वर बघितलं. "तुमचंच बाळ आहे ताई. मला काय विचारता?"

बोलण्यात खोच नव्हती. शेजारच्या बाळाचा पंप वाजत होता, त्या लगेच तिकडे वळल्या. पण ते वाक्य माझ्या घशात अडकलं ते अडकलंच. घरी आले, दूध काढलं, बाटलीवर तारीख-वेळ लिहिली, फ्रीजमध्ये ठेवली, आणि तरी तेच. मला काय विचारता.

खरंच, किती विचारते मी! आत येऊ का. इथे उभी राहू का. त्याच्याशी बोललं तर चालेल का. दुपटं जरा सरळ करू का. उद्या किती वाजता येऊ. पोटात २९ आठवडे आणि २ दिवस होता तोवर कुणाला काही विचारावं लागलं नव्हतं. मी कूस बदलली की तो आतून ढुशी द्यायचा, तेवढाच आमचा व्यवहार. आणि आता माझ्याच लेकराला भेटायला मी पाहुण्यासारखी चप्पल काढून दाराशी उभी असते. माई फोनवर म्हणते, "तू धीराची आहेस." मी धीराची नाही. मला फक्त परवानगी मिळाली की आत जाता येतं.

याचं मूळ चौथ्या दिवसात आहे हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी पहिल्यांदा हात लावायला मिळाला. कुठलीही आई करेल तेच मी केलं, बोटाने त्याच्या दंडावरून हळूच कुरवाळलं. मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचे ९३ टक्के होते. ८८ झाले, ८१, मग ७६, आणि अलार्म. सिस्टर धावत आल्या, त्यांनी त्याच्या तळपायावर दोनदा टिचकी मारली. त्याने श्वास घेतला. आकडा परत वर चढला. माझा हात मात्र तसाच अधांतरी राहिला.

नंतर त्यांनी शिकवलं की इतक्या लवकर आलेल्या बाळांना कुरवाळायचं नसतं, ते त्यांना सोसत नाही. ऊबदार तळवा अख्खा ठेवायचा, एक डोक्यावर, एक पावलांशी, आणि स्थिर राहायचं, पोटात असल्यासारखं सगळीकडून धरल्यागत. डॉक्टरांनीही सांगितलं की मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं आहे, त्यामुळे ही बाळं मधूनच श्वास घ्यायची थांबतात. त्यासाठीच त्याला रोज कॅफीन देतात. चार्टवर बघितलं तर त्याच रात्री आणखी दोनदा तसं झालं होतं, मी घरी असताना. म्हणजे माझ्या हातामुळेच झालं असं नव्हे. हे कळल्यावर हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, मी नव्हते तेव्हाही तो थांबला होता.

डोकं हे सगळं मानतं. हात मानत नाही. हाताला ७६ लक्षात आहेत.

पुढच्या आठवड्यात डोळ्यांची तपासणी आहे, त्याबद्दल आज लिहीत नाही.

डायपरबद्दल लिहिते. तो माझ्या तळहातात मावतो आणि तरी पिल्लाच्या जवळजवळ छातीपर्यंत येतो. पाय धरून वर उचलायचे नाहीत, हलकेच कुशीवर वळवायचं. सीपॅपची, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या हवेच्या मशीनची, नळी सांभाळायची, नाकावरचा मास्क सरकू द्यायचा नाही, पावलाला बांधलेली, ऑक्सिजन मोजणारी लाल दिव्याची पट्टी ओढली जाऊ द्यायची नाही. त्याची मांडी माझ्या अंगठ्याएवढी. कातडी इतकी पातळ की पोटावरच्या निळ्या शिरा मोजता येतील. मला सात मिनिटं लागली. आकडा ९१ च्या खाली गेला नाही. मी सारखी बघत होते.

मग ओला डायपर काट्यावर ठेवायचा. कोऱ्याचं वजन वजा केलं की उरतील तितके ग्रॅम, तितके मिलिलिटर लघवी. ११ आले. मी सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहा ना, पेन तिथेच आहे." त्यांच्या बारीक, घाईच्या अक्षरांच्या रांगेत २ वाजताच्या चौकटीत माझा ११ आहे. मोठा, गोल, शाळेतल्यासारखा.

पहाटे ३ ला पंपिंग करताना जागं राहायला काहीबाही वाचते. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एद्गार रे यांच्याकडे इन्क्युबेटर पुरत नव्हते, म्हणून त्यांनी कमी वजनाची बाळं आयांच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. ते कांगारू केअर. आता जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलंय की बाळ स्थिर होण्याची वाट बघत बसू नका, स्वतःहून श्वास घेत असेल तर जन्मल्यापासून शक्य तितक्या लवकर सुरू करा. आमचं सहा दिवसांपासून सुरू आहे. परवा छातीवर १,२३० ग्रॅम घेऊन बसले होते आणि मी विचारलं, खोल श्वास घेतला तर त्याला धक्का बसेल का? सिस्टर म्हणाल्या, "घ्या की. त्याला तेच तर ऐकायचंय."

तेही विचारलंच होतं मी.

पण आज ४ वाजता एक बघितलं. त्याच सिस्टर पावलावरची पट्टी दुसऱ्या पायाला बांधायला आल्या. हात आत घातले, पण लगेच काही केलं नाही. तळवा त्याच्या पाठीवर टेकवून थांबल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "हात लावते हं पिल्ल्या." त्याने कपाळाला आठी घातली, बोटं पसरली, परत मिटली. मग त्यांनी पट्टी सोडली. १९ दिवस हे माझ्यासमोर चाललंय आणि मला वाटत होतं त्या आपल्या लाडाने बोलतात. आज कळलं, त्याही विचारतात. मला नाही, डॉक्टरांना नाही, त्याला.

निघताना मी दार उघडलं, तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि थांबले. मोठ्याने बोलायचा धीर झाला नाही, नुसते ओठ हलले. तो झोपेत होता. डोक्यावर हात ठेवला. मॉनिटरकडे बघितलं नाही असं म्हणणार नाही, बघितलं. ९४.

उद्या १० ला राउंड. फीड १६ वरून १८ मिलिलिटर करणार का, ते विचारायचंय. ते मात्र डॉक्टरांनाच.