पत्त्यातलं गळालेलं अक्षर

कोपरखैरण्याच्या एका काकूंना घोडबंदर रोडवरच्या मॉलच्या पार्किंग कंत्राटदाराची नोटीस आली. थकलेलं पार्किंग ३२० रुपये, वर 'दंड' २,००० रुपये, सात दिवसांत क्यूआर कोडवर भरा. स्कूटर एमएच-४३ची, काकूंनी तीन वर्षांपूर्वी विकलेली. वाशी आरटीओची कागदपत्रं करून देणं हे माझं काम, म्हणून त्या नोटीस घेऊन आल्या.

माझी नजर लिफाफ्यावर अडली. सोसायटीच्या इंग्रजी नावातलं एक अक्षर गळालं होतं. आधारवर, लाइट बिलावर नाव बरोबर. हीच चूक फक्त गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, आरसीवर. म्हणजे पत्ता आरसीच्या नोंदीवरूनच उचललेला. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला तर आपल्याला मालकाचं नाव फुल्यांनी झाकलेलं दिसतं. मग यांच्या हातात अख्खा पत्ता आला कसा?

वाहनांची माहिती वर्षाला ३ कोटी रुपये घेऊन खासगी कंपन्यांना घाऊक देण्याचं धोरण केंद्राने २०१९मध्ये आणलं होतं. गोपनीयतेच्या आक्षेपांमुळे ते जून २०२०मध्ये मागे घेतलं. पण पत्ता फुटायला ते धोरणच लागतं असं नाही; आरसीची झेरॉक्स विमा, कर्ज, सर्व्हिसिंग अशा दहा ठिकाणी पडलेली असते. ब्रिटनमध्ये डीव्हीएलए हे सरकारी खातं पार्किंग कंपन्यांना अडीच पौंडांत एका गाडीच्या मालकाचा पत्ता देतं. पण तिथे इंग्लंड-वेल्सपुरता २०१२चा कायदा आहे. चालक कळला नाही तर ठरलेल्या अटी पाळून नोंदणीधारकाकडे पैसे मागता येतात. आपल्याकडे तसा कायदा नाही, आणि नोंदीत जुना मालक, एजंटचा मोबाइल, सोडलेलं भाड्याचं घर असं काहीही सापडतं. अशी नोंद वसुलीला दिली की भलताच माणूस भरडला जातो, हे मी टेबलावर रोज बघतो.

कंत्राटदाराला पैसे बुडू द्यायचे नसतील तर ते बूम बॅरियर उघडण्याआधी घ्यायचे. गाडी बेवारस पडली असेल तर फोटो आणि चासी नंबरसह वाहतूक पोलिसांना लेखी द्यायचं. मालक शोधणं त्यांचं काम. मोटार वाहन कायद्याखालचा दंडही पोलीस आणि परिवहन खात्यानेच करायचा.

काकूंना एक रुपयाही भरू दिला नाही. पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने उत्तर पाठवलं: विक्रीच्या कागदाची प्रत, आणि तीन प्रश्न. गाडी आत-बाहेर झाल्याचे तारीख-वेळेसह फोटो कुठे आहेत? दंड कोणत्या कायद्याने? पत्ता कुणी दिला?

खरा घोर वेगळाच होता. काकूंनी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या करून ते खरेदीदाराच्या हातात ठेवले होते, आणि कागद तीन वर्षं डिकीतच. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत स्वतः आरटीओला कळवायचं असतं. नोंदीत नाव असेल तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीन कुमार खटल्यात सांगितलं आहे. मधल्या काळात अपघात झाला असता तर भरपाईचा दावा काकूंच्या दारात आला असता. खरेदीदार सापडला, तर विमा आणि पीयूसी दोन्ही संपलेले. आधी ते काढले, मग अर्ज पुढे सरकला. नाव बदललं.

कंत्राटदाराने फोटो पाठवला: हेल्मेट घातलेला तरुण, नंबर प्लेट स्पष्ट. दंड मागे घेतला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही. स्मरणपत्र कालच पोस्टात टाकलं.