पोर्थकर्नो: मुंबईची केबल बघायला इंग्लंडच्या टोकाला

पोर्थकर्नोला लोक पांढरी वाळू आणि कड्यावरचं मिनॅक थिएटर बघायला येतात. मी आले होते वाळूखालची, तारा पाठवायची जुनी केबल बघायला. "म्हणजे काहीच दिसणार नाही," नवऱ्याने ट्रेनमध्येच सांगून टाकलं. तसं खरंच होतं त्याचं.

लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झन्सपर्यंत पाच-साडेपाच तास, पुढे बस. परतीच्या बसची वेळ उतरल्याउतरल्या बघून ठेवा. आम्ही ठेवली नाही आणि टॅक्सीला पैसे मोजले.

इथल्या तारायंत्राच्या संग्रहालयाचा एक भाग दुसऱ्या महायुद्धात कॉर्नवॉलच्या खाणकामगारांनी खोदलेल्या बोगद्यांत आहे. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, स्वेटर घ्याच. इथून निघालेली केबल 1870 च्या जूनमध्ये मुंबईशी जोडली गेली. मुंबई-एडन हा टप्पा 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने टाकला होता. पण तार सलग नव्हती. जिब्राल्टर, माल्टा, एडन अशा ठाण्यांवर माणूस बसलेला असायचा. आरशावरून पडलेला प्रकाशाचा ठिपका डावीकडे-उजवीकडे हलायचा. त्यावरून तो अक्षरं ओळखायचा, कागदावर उतरवायचा आणि पुढच्या तारेवर पुन्हा पाठवायचा.

त्या आरशाच्या यंत्रापुढून मी लवकर हललेच नाही. माझी नोकरी नेटवर्कमधली, आणि राउटर, म्हणजे इंटरनेटवरचा डेटा पुढे पाठवणारं यंत्र, दिवसभर हेच करतो. पॅकेटवरचा, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यावरचा, पत्ता वाचायचा, पुढचं एक ठाणं ठरवायचं, पाठवून मोकळं व्हायचं. अख्खा रस्ता कुठल्याच राउटरला माहीत नसतो. फरक इतकाच, की पॅकेट साधारण 1500 बाइटपर्यंतचंच असतं. 3 एमबीचा फोटो दोन हजारांवर तुकड्यांत जातो, आणि एखादा तुकडा हरवला तर तेवढाच पुन्हा मागवला जातो.

मग समुद्राकडे चालत जा. किनाऱ्याजवळची केबल हट चुकवू नका. पाण्यातून आलेल्या केबल इथे जमिनीवरच्या तारांना जोडत. खोली एवढीशी, आपल्याकडच्या पंपघरासारखी. 1997 मध्ये 'फ्लॅग' ही फायबर केबलही याच किनाऱ्यावर आली, आणि तीही मुंबईला जाते.

किनाऱ्यावर माझ्या फोनला रेंज नव्हती, त्यामुळे ट्रेसराउट, म्हणजे पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारा प्रोग्राम, रात्री मुक्कामी चालवला. यातली युक्ती मजेदार आहे. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो आणि प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पॅकेट टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. म्हणून आधी 1 लिहून पाठवायचं, मग 2, मग 3. वाटेतली ठाणी एकेक करून आपली नावं सांगतात.

मुंबईच्या एका सर्व्हरचा पत्ता दिला. वाटलं होतं, पॅकेट खिडकीबाहेरच्या समुद्रात उडी घेईल. ते आधी उलटं लंडनला गेलं, तिथून फ्रान्स ओलांडून मार्से बंदराला, आणि मग मुंबईला! पॅकेटला जवळचा रस्ता मिळेलच असं नाही. कुठल्या कंपनीचा कोणाशी करार आहे, त्यावर बरंच ठरतं. आमच्या एसटीचंही वेगळं काय असतं म्हणा.

तुम्ही करून बघणार असाल तर विमानतळांची अक्षरं शोधा: राउटरच्या नावात एलएचआर म्हणजे लंडन, बीओएम म्हणजे मुंबई. एका ठाण्याच्या ओळीत जाण्यायेण्याचा वेळ एकदम शंभरेक मिलिसेकंदांनी वाढला की मध्ये समुद्र आला समजायचं. आणि मध्येच नावाच्या जागी नुसत्या चांदण्या (*) दिसल्या तर लगेच तक्रार नोंदवू नका. काही राउटर पॅकेट पुढे नेतात, पण स्वतःचं नाव सांगत नाहीत.