लेझर डायोडला व्होल्टेज नाही, करंट बांधून द्या

आमचे आप्पा खानापुरात गवंडीकाम करतात, भिंतीवर टाइल लावायला सरळ रेघ पडली पाहिजे म्हणून त्यांच्यासाठी छोटी लेझर लेव्हल करायला घेतली. बेळगावात खडेबाजारातनं लाल लेझर डायोड, म्हणजे किरण सोडणारा छोटा भाग, आणला, ६५० नॅनोमीटर, ५ मिलिवॅट. पहिला डायोड मिनिटभरात गेला. एलएम ३१७ वर, म्हणजे व्होल्टेज ठरवून देणाऱ्या तीन पायांच्या आयसीवर, नीट मोजून २.२ व्होल्ट सेट केले होते आणि थेट डायोडला दिले, चूक तिथंच झाली. डायोड तापला की त्याला तेवढ्याच व्होल्टेजला जास्त करंट जातो, त्यानं तो आणखी तापतो, आणि आतला आरशासारखा कडेचा भाग जळतो. मेलेला डायोड पेटतो बरं का, पण भिंतीवर ठिपका नाही, नुसता लालसर फिका डाग. ते बघून लई वाईट वाटलं.

मग तोच एलएम ३१७ करंटसाठी जोडला. त्याच्या पायांपैकी आउट आणि अ‍ॅडजस्टच्या मध्ये एक रेझिस्टर, आणि डायोड अ‍ॅडजस्टकडनं मायनसला. हा आयसी त्या रेझिस्टरवर कायम १.२५ व्होल्ट धरून ठेवतो, म्हणजे ४७ ओहम (पट्टे पिवळा, जांभळा, काळा) लावला की साधारण २७ मिलिअँपिअर, डायोड गरम होवो नाहीतर गार.

नवा डायोड लगेच लावू नका. त्याच्या जागी तीन १एन४००७ (साधे डायोड) ओळीनं आणि एक १ ओहमचा रेझिस्टर लावा, त्या रेझिस्टरवर मीटर धरला की जेवढे मिलिव्होल्ट तेवढे मिलिअँपिअर, सरळ हिशेब. मला २६ च्या वर काहीतरी दिसलं तेव्हा जिवात जीव आला. आणि आउटपुटला कपॅसिटर घातला असेल तर आधी डायोड जोडायचा, मग बॅटरी. उलटं केलं तर भरलेला कपॅसिटर सगळा एकदम डायोडमध्ये रिकामा होतो आणि परत खडेबाजार गाठावा लागतो.

बॅटरी ९ व्होल्टची घ्या. ३१७ ला स्वतःलाच दोनेक व्होल्ट लागतात, वर १.२५, वर डायोडचे २.२, म्हणजे साडेपाचच्या खाली उजेड पडत नाही नीट, ३.७ च्या एका लिथियम सेलवर हे चालणारच नाही.

काल आप्पांनी त्या रेघेवरनं पेन्सिल ओढली आणि म्हणाले, "बरोबर हाय की रे." त्यांना एकच सांगितलंय, चकचकीत टाइलवर किरण पडला की तो उलटा डोळ्यात येतो, तेवढं बाजूला उभं राहून काम करा.