दहापैकी दहा, आणि खेळ खल्लास

मर्सिडीज सीएलके जीटीआर मला पहिल्यांदा भेटली ती 'नीड फॉर स्पीड हाय स्टेक्स'मध्ये. मामाच्या घरी मे महिन्याच्या सुट्टीत, एकाच्या हातात कीबोर्ड आणि बाकीचे चौघं मागे उभे राहून "अरे ब्रेक मार, ब्रेक मार" म्हणून बोंबलणार. त्याच गेममध्ये मॅक्लारेन एफ१ जीटीआरपण होती. तेव्हा वाटायचं असल्या गाड्या गेमवाल्यांनीच मनाने काढल्या असणार, खऱ्या रस्त्यावर असलं काही कोण चालवतंय. सध्या रात्री जेवण झालं की एफआयएच्या, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या, जीटी चॅम्पियनशिपच्या जुन्या रेस बघायचं व्यसन लागलंय, आणि काल १९९८चा सीझन संपवला.

आता जाणकार म्हणतील, एवढे सीझन असताना हाच का? दहा रेस झाल्या, दहाच्या दहा मर्सिडीजने मारल्या, त्यात बघायचं काय? मलापण सुरुवातीला तेच वाटलेलं. पण थोडं मागून सांगतो, त्याशिवाय मजा कळणार नाही.

जीटी म्हणजे ग्रँड टूरिंग, लांबच्या प्रवासाला वेगात आणि आरामात नेणारी गाडी. १९९४ला बार्थ, पीटर आणि राटेल या तिघांनी मिळून अशा गाड्यांच्या लांब पल्ल्याच्या रेसची मालिका चालू केली, तिघांच्या आडनावांवरून नाव बीपीआर. तेव्हा सगळं सरळ होतं, गाडी आधी रस्त्यावर येणार आणि मग ट्रॅकवर. मॅक्लारेन एफ१ तर तिचा डिझायनर गॉर्डन मरेने रेससाठी बनवलीच नव्हती, रे बेल्लम आणि थॉमस बशरसारखे गिऱ्हाईक लोक मागे लागले म्हणून तिची रेसवाली आवृत्ती जीटीआर झाली. आणि त्याच गाडीने १९९५ला फ्रान्समधली ल मॉनची २४ तासांची रेस मारली, तीपण पहिल्याच प्रयत्नात. बशर हा माणूस बँकर, आणि त्या वर्षी बीपीआरचा चॅम्पियनपण झाला जॉन नील्सनबरोबर. हे वाचून मी माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपकडे जरा दुःखाने बघितलं.

मग १९९६ला पोर्शं आली ९११ जीटी१ घेऊन आणि सगळं उलटं झालं. नाव ९११, पुढचा भाग खऱ्या ९११चा, पण मागे सगळी रेसिंगची फ्रेम आणि इंजिन मधोमध. म्हणजे आधी रेसची गाडी बनवायची आणि तिची रस्त्यावर चालणारी आवृत्ती पाहिजे या नियमात बसावी म्हणून मागाहून तिलाच नंबर प्लेट लावायची, वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. १९९७ला एफआयएने सूत्रं हातात घेतली, चॅम्पियनशिपला एफआयए जीटी नाव दिलं, आणि मर्सिडीजने एएमजी या आपल्या रेसिंगवाल्या जोडीदार कंपनीच्या लोकांना कामाला लावून १२८ दिवसांत सीएलके जीटीआर उभी केली. १२८ दिवस!! आमच्या सोसायटीचं गेट त्यापेक्षा जास्त दिवस दुरुस्तीत होतं. पार्ट टेस्ट करायला तर त्यांनी सरळ एक मॅक्लारेनच विकत घेतली, म्हणजे शेजारणीकडून पोळपाट आणायचं आणि तिच्यापेक्षा गोल पोळ्या लाटायच्या. सुरुवातीला मॅक्लारेनवाले पुढे होते पण सीझन संपेपर्यंत बेर्न्ड श्नायडर चॅम्पियन.

बाय द वे, सगळ्यात भारी पळवाट टोयोटाची. त्यांची जीटी-वन ल मॉनसाठी होती, या चॅम्पियनशिपमध्ये नव्हती, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नियम असा की रस्त्यावरच्या गाडीत सूटकेस ठेवायला जागा पाहिजे, तर यांनी अधिकाऱ्यांना पटवलं की पेट्रोलची टाकी रिकामी असेल तेव्हा तिच्यात सूटकेस मावते की! आणि ते पटलंपण!

तर १९९८. मॅक्लारेनबरोबर रेसमध्ये असलेली बीएमडब्ल्यू बाहेर पडलेली, समोर मुख्य म्हणजे पोर्शं. पॅनोझपण होती, इंजिन पुढे ठेवणारी हट्टी अमेरिकन गाडी, दिसायला बॅटमॅनची आणि आवाज असा की हेडफोन काढून ठेवावा लागतो. मर्सिडीजच्या मेन टीमच्या दोन गाड्या. एकीत श्नायडर आणि मार्क वेबर, हो तोच, आपल्याला नंतर रेड बुलच्या फॉर्म्युला वन टीममधून माहीत झालेला, तेव्हा एकदम पोरगा. दुसरीत क्लाउस लुडविग आणि रिकार्डो झोंटा. लुडविग ल मॉन तीनदा जिंकलेला, सीझन संपला तेव्हा वय ४९. झोंटा २२चा. बाप-लेकाच्या वयाचं अंतर आणि गाडी एकच, सीट एकच, अर्ध्या रेसला एक उतरणार आणि दुसरा आत घुसणार.

आणि इथेच सगळी मजा आहे. बाहेरचा कोणी हरवत नाही म्हटल्यावर भांडण घरातच. ही भाऊबंदकी शेवटपर्यंत चालली, दहा रेसमध्ये पाच यांच्या आणि पाच त्यांच्या! म्हणजे चॅम्पियन ठरला तो जिंकलेल्या रेसवर नाहीच, ज्या दिवशी जिंकता आलं नाही त्या दिवशी कोणी किती पॉइंट गोळा केले त्यावर. शेवटची रेस २५ ऑक्टोबरला लागुना सेकाला, कॅलिफोर्नियात, ती लुडविग-झोंटाने मारली आणि ७७ विरुद्ध ६९ ने टायटल घेतलं. मी तर श्नायडर-वेबरच्या बाजूने होतो, निकाल आधीच माहीत असूनही जरा वाईट वाटलं.

अजून एक गंमत, मर्सिडीजच्या जुन्या गाड्या चालवणाऱ्या पेर्सन टीममध्ये एक बेर्न्ड मायलँडर होता. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना हे नाव माहीत असणार, २०००पासून सेफ्टी कार, म्हणजे ट्रॅकवर धोका असला की सगळ्यांच्या पुढे राहून वेग कमी ठेवणारी गाडी, चालवतो तो माणूस. आयुष्यभर सगळ्यांच्या पुढे!

ल मॉनला मात्र मर्सिडीजची पार फजिती झाली त्या वर्षी. श्नायडरने पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली आणि पहिल्या काही तासांतच दोन्ही गाड्या इंजिनाच्या भानगडीने बंद. जिंकली पोर्शं, कंपनीच्या पन्नासाव्या वर्षी. म्हणजे जी गाडी वर्षभर मर्सिडीजच्या मागे पळाली तीच सगळ्यात मोठ्या रेसला पुढे.

पण दहापैकी दहाचा परिणाम व्हायचा तो झालाच. पुढच्या वर्षी मर्सिडीजसमोर उभं राहायला कोणी तयार नाही, मग या सगळ्या गाड्यांचा वरचा जीटी१ क्लासच बंद. १९९९ला खालचा जीटी२ क्लास मेन झाला, तिथे ओरेका टीमच्या व्हायपर गाड्या, ८ लिटरचं व्ही१० इंजिन. मर्सिडीज गेली ल मॉनवर लक्ष द्यायला नवीन सीएलआर घेऊन, आणि तिथे वेबरची गाडी क्वालिफायिंग-वॉर्मअप धरून दोनदा हवेत उडाली, रेसमध्ये टीमचा दुसरा ड्रायव्हर डंब्रेकची उडून थेट झाडांत. दोघं वाचले हे नशीब.

आणि नियमासाठी लागणाऱ्या त्या रस्त्यावरच्या २५ सीएलके जीटीआर? त्या बनतच होत्या, रेस संपून क्लास बंद पडला तरी. पंधरा लाख डॉलरच्या वर किंमत, तेव्हाची जगातली सगळ्यात महाग प्रॉडक्शन कार म्हणून गिनेसमध्ये नोंद. सामान ठेवायला दारांच्या खाली दोन कप्पे दिलेत. टाकी नाही, खरे कप्पे.