एकाच कामाची दोन नावं: आवाज आणि मेनू जोडतानाचा माझा अनुभव

मेनूत जे लिहिलंय तेच तोंडाने म्हटलं तर मशीनला कळायला हवं. अपेक्षा इतकी साधी. त्यासाठी कोड लिहायला किती वेळ गेला हे आता आठवतही नाही, पण त्या कामातल्या नावांना मंजुरी मिळवताना झालेला मनस्ताप अजून डोक्यातून गेलेला नाही. पुढेमागे कोणाच्या वाट्याला हेच काम आलं तर उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

उपकरण म्हणजे कपडे धुण्याचं मशीन. समोर छोटा टचस्क्रीन, आत माइक. मेनू आधीपासून होता. आवाजाची सोय नंतर आली, आणि ती वेगळ्या टीमने, वेगळ्या फाइलमध्ये, स्वतःच्या शब्दांत लिहिली. त्यामुळे स्क्रीनवर बटण ‘एक्स्ट्रा रिन्स’, आणि आवाजाच्या यादीत त्याच कामाला ‘पुन्हा विसळ’. माणूस बटण वाचून मोठ्याने ‘एक्स्ट्रा रिन्स’ म्हणणार आणि मशीन सांगणार, ‘समजलं नाही.’ ‘पुन्हा विसळ’ म्हटलं की लगेच काम व्हायचं, पण ते शब्द स्क्रीनवर कुठेच नाहीत, मग ते सुचणार कोणाला? आवाजावर चालणाऱ्या उपकरणांचं खरं दुखणं हेच आहे. मेनूतलं समोर दिसतं, त्यातून निवडायचं. बोलताना मात्र काय बोललेलं चालतं हे आधी आठवावं लागतं. समोरचा मेनू हीच बोलायच्या शब्दांची यादी झाली, तर पाठ करायला काही उरतच नाही.

कोडचं थोडक्यात सांगते. मेनू आणि आवाज दोन्हींच्या मागे आज्ञांचा एकच तक्ता ठेवला. प्रत्येक आज्ञेला एक कायमचा ओळख-क्रमांक, स्क्रीनवर दिसणारं नाव, बोलण्यात चालणारी इतर रूपं, सोबत लागणाऱ्या किमती (तापमान, स्पिनचा वेग, किती वेळाने सुरू करायचं), आणि ती आज्ञा केव्हा चालते व केव्हा नाही. मेनूची झाडासारखी रचना या तक्त्यातूनच तयार होते आणि आवाज ओळखणाऱ्या भागाला लागणारं व्याकरणही, म्हणजे कोणती वाक्यं ओळखायची याचे नियमही, त्यातूनच. बटण दाबा नाहीतर बोला, शेवटी एकच फंक्शन चालतं.

तक्त्यात एक रकाना मी हट्टाने घातला: चालत नसेल तर का नाही. लोकरीचे कपडे निवडले की मेनूत 1200 चा स्पिन फिका पडतो. बघणारा समजून जातो आणि पुढे सरकतो. पण बोलणाऱ्याला फिकट बटण दिसतंच असं नाही. तो म्हणतो, ‘स्पिन 1200’, आणि त्याला कोरडं ‘हे करता येणार नाही’ ऐकू आलं तर तो मशीन बिघडलं असं समजतो. ‘लोकरीसाठी 1200 चालत नाही, 400 लावू का?’ हे वाक्य तक्त्यातच असलं पाहिजे. चालू मशीनचं दारही तसंच. मेनूत कुलपाचं चिन्ह दिसतं, आवाजात ‘पाणी निघेपर्यंत दार बंद राहील’ असं सांगावं लागतं. कारण एकदाच लिहायचं आणि दोन्हीकडे वापरायचं. फिक्या बटणावर बोट ठेवलं तरी आता तेच वाक्य दिसतं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग आले फॉर्म.

कंपनीत स्क्रीनवरचा प्रत्येक शब्द एका विभागाकडून मंजूर करून घ्यावा लागतो आणि बोलायचा प्रत्येक शब्द दुसऱ्याच विभागाकडून. पहिल्याच्या फॉर्ममध्ये ‘स्क्रीन क्रमांक’ हा रकाना सक्तीचा. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नाही, आणि त्यात एकच क्रमांक मावतो. ‘थांब’ ही आज्ञा प्रत्येक स्क्रीनवर चालते. ‘किती वेळ राहिला?’ हा प्रश्न कोणत्याच स्क्रीनवर बटण म्हणून नाही. या दोन्हींचा स्क्रीन क्रमांक काय लिहायचा? विचारलं तर उत्तर आलं, ‘ज्या आज्ञेला स्क्रीन नाही ती आमच्या कक्षेत येत नाही.’ दुसऱ्या विभागाच्या फॉर्ममध्ये ‘नमुना वाक्यं’ सक्तीची, पण हेच नाव स्क्रीनवर आधीपासून आहे हे सांगायला जागाच नाही. मी ते शेऱ्याच्या चौकटीत लिहायचे. शेरा कोणी वाचत नसे.

दोन्ही विभागांचे नियम आपापल्या जागी बरोबर होते, आणि म्हणूनच हा गुंता सुटेना. स्क्रीनवाल्यांना बटणाच्या रुंदीत बसणारा आखूड शब्द हवा, क्रियापद शक्यतो नको. आवाजवाल्यांना क्रियापदासह किमान दोन शब्द हवेत, कारण एकट्या आखूड शब्दात आवाज ओळखणाऱ्या प्रणालीच्या हाती फारसं काही लागत नाही आणि शेजारच्या खोलीतल्या गप्पांमधूनही तो चुकून उचलला जातो. मी एकच नाव दोन्हीकडे पाठवलं की दोन्हीकडून ते आपापल्या नियमाने ‘दुरुस्त’ होऊन यायचं. स्क्रीनकडून ‘एक्स्ट्रा रिन्स – मंजूर’. आवाजाकडून ‘पुन्हा विसळ – मंजूर’. दोन्ही कागदांवर हिरवा शिक्का आणि मी होते तिथेच. एका बाजूचं नाव दुसरीकडे घेऊन गेलं की तो ‘नवा अर्ज’ ठरायचा आणि रांगेत शेवटून सुरुवात व्हायची. दरम्यान पहिल्या विभागाची शब्द गोठवायची तारीख उलटून गेलेली असायची, म्हणजे तिथे पुढच्या आवृत्तीपर्यंत काही बदलायचं नाही.

याचा मला फार त्रास झाला. ज्याला काम कळतं त्याच्याशी भांडता येतं. इथे तर प्रत्येक जण नम्रपणे, नियमाला धरून, अर्ध्याच गोष्टीचं उत्तर देत होता. ‘आमच्या बाजूने पूर्ण झालंय’ हे वाक्य मी इतक्या मेलमध्ये वाचलं, की नंतर ते दिसलं तरी छातीत धस्स व्हायचं. मशीनपुढे उभ्या असलेल्या माणसासाठी बाजू एकच असते. वाईट याचं वाटतं, की माणसाने एकाच वेळी बोलावं आणि दाखवावं ही कल्पना काही नवी नाही. 1980 मध्ये एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी मोठ्या पडद्यावरच्या आकृत्यांकडे बोट करून ‘ते तिथे ठेव’ अशा तोंडी आज्ञेने त्या हलवून दाखवल्या होत्या. इतक्या वर्षांनंतर आम्ही बोट एका विभागाकडे आणि आवाज दुसऱ्या विभागाकडे देऊन बसलो होतो.

सुटका झाली ती दोन गोष्टींमुळे. पहिली, डब्ल्यूसीएजी. वेबवरच्या सुलभतेच्या या मानकाच्या 2018 च्या 2.1 आवृत्तीत 2.5.3 क्रमांकाचा निकष आहे, आणि तो सर्वांत मूलभूत, म्हणजे ए पातळीचा आहे. बटणावर जो मजकूर दिसतो तो त्या बटणाच्या प्रोग्रॅममधल्या नावात असायलाच हवा, असं तो सांगतो. कारण सरळ आहे. ज्यांना हात वापरता येत नाहीत ते बटणावर दिसतं तेच बोलतात. ॲपलने 2019 मध्ये आणलेलं व्हॉइस कंट्रोल किंवा अँड्रॉइडचं व्हॉइस ॲक्सेस याच गृहीतकावर चालतं. आमचं मशीन म्हणजे वेबपेज नव्हे, त्यामुळे निकष आम्हाला बंधनकारक नव्हता. पण ‘मला असं वाटतं’ म्हणण्यापेक्षा ‘2.5.3 बघा’ म्हटलं की मेलचा सूर बदलतो. हा क्रमांक पहिल्याच अर्जात लिहा, वाद सुरू होण्याची वाट बघू नका.

दुसरी गोष्ट, मी दोन्ही विभागांतल्या मंजुरी देणाऱ्यांना एकाच वेळी मशीनसमोर बोलावलं. कागद नाहीत, स्लाइड नाहीत. ज्या सहकाऱ्याने हे मशीन कधी हाताळलं नव्हतं त्याला एवढंच सांगितलं, ‘पुन्हा एकदा पाण्यातून काढायचेत, बोलून सांग.’ त्याने स्क्रीन बघितला, बटण वाचलं, ‘एक्स्ट्रा रिन्स’. समजलं नाही. जरा मोठ्याने, ‘एक्स्ट्रा रिन्स!’ समजलं नाही. मग शब्द तोडून, एकेक अक्षर सुटं करत. तिसऱ्यांदा नकार आल्यावर तो स्क्रीनकडे बोट करून आम्हाला म्हणाला, ‘अहो, इथे लिहिलंय ना?’ नंतर खोलीत कोणी कक्षेबद्दल बोललं नाही.

तोडगा तिथेच निघाला आणि दोघांचेही नियम शाबूत राहिले. दिसणारं नाव आखूडच ठेवायचं, बोलायच्या वाक्यात ते जसंच्या तसं आणि सुरुवातीला असायचं, आणि मागे क्रियापद जोडायचं. स्क्रीनवर ‘एक्स्ट्रा रिन्स’, बोलताना ‘एक्स्ट्रा रिन्स लाव’. स्क्रीन उजळलेला असेल आणि ते बटण समोर दिसत असेल तर नुसतं ‘एक्स्ट्रा रिन्स’सुद्धा चालेल, कारण तेव्हा ओळखायचे पर्याय मोजकेच असतात. ‘पुन्हा विसळ’ही काढून टाकलं नाही, जादा रूप म्हणून राहिलं. मग फॉर्म एक झाला. स्क्रीन क्रमांकाच्या जागी आज्ञेचा ओळख-क्रमांक आला, आणि स्क्रीनच्या रकान्यात ‘सर्व’ व ‘एकही नाही’ हे पर्याय आले. तो नवा फॉर्म पहिल्यांदा एका फटक्यात पुढे गेला तेव्हा इतकं मोकळं वाटलं की काय सांगू. या अख्ख्या कामातली मला सर्वांत अभिमानाची गोष्ट तो फॉर्म आहे, कोड नव्हे.

आता आठवतील तशा काही गोष्टी.

स्क्रीनवरची यादी बघून ‘तिसरा’ म्हणणाऱ्याच्या मनातला तिसरा कोणता, हे तो केव्हा बोलला यावर ठरतं. माणूस बोलून थांबला हे कळायला प्रणालीला थोडी शांतता लागते, आणि निकाल त्यानंतर येतो. तेवढ्यात यादी सरकली किंवा ताजी झाली तर भलताच प्रोग्रॅम निवडला जातो. बोलणं सुरू झालं त्या क्षणी स्क्रीनवर काय होतं ते साठवून ठेवा आणि अर्थ त्यावरूनच लावा. ‘हे लाव’ म्हणत बोट टेकवणाऱ्यांसाठीही तेच: शब्द केव्हा उच्चारला आणि बोट केव्हा टेकलं, या दोन वेळा जुळवायच्या. निकाल कधी आला याला महत्त्व नाही.

ऐकलेल्या आणि मेनूतल्या मराठी मजकुराची तुलना सरळ करू नका. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. बहुतेक फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकासाठी ते वेगळे शब्द आहेत, आणि संगणकातल्या अक्षरांचं मानक असलेल्या युनिकोडचं ठरलेलं सामान्यीकरणही, म्हणजे एकाच मजकुराची वेगळी रूपं एक करायची पद्धतही, त्यांना एक करत नाही. त्यासाठी नियम स्वतःच लिहावा लागतो. मेनूत ‘४०’, आवाज ओळखणारा देतो ‘40’ किंवा ‘चाळीस’, हेही एका रूपात आणा. आणि वेळेच्या बाबतीत ‘दीड’, ‘अडीच’, ‘पावणेतीन’, ‘साडेसात’ चालतात की नाही ते आधी तपासा. ‘साडे सात’ असं तोडून आलेलंही धरा. ‘अडीच तासांनी सुरू कर’ न समजणारं मशीन मराठी बोलतं असं म्हणवत नाही.

एका वाटेने सुरू झालेला संवाद दुसऱ्या वाटेने संपवता आला पाहिजे. बोटाने ‘रद्द’ दाबलं, ‘नक्की?’ ची चौकट आली, तर तोंडाने ‘हो’ म्हणता यावं. मशीनने तोंडी प्रश्न विचारला तर त्याच क्षणी स्क्रीनवर दोन बटणं हवीत. आमच्याकडे चौकटीच्या वेळी माइक बंद व्हायचा, कारण चौकट मेनूवाल्यांची होती. ओल्या हाताने आवाज वापरणाऱ्याला नेमकं तिथेच हात पुसून यावं लागायचं.

पर्याय जास्त असतील तर ते वाचून दाखवू नका. ऐकलेलं हवेत विरतं, स्क्रीनवरचं टिकतं. आवाजाने एवढंच म्हणावं, ‘सुतीचे प्रकार स्क्रीनवर आहेत.’ दोन नावं सारखी ऐकू येत असतील तर त्यांच्यावर आकडे दाखवा आणि आकडा बोलू द्या. विंडोज व्हिस्टातल्या आवाज-ओळखीत ही सोय होती आणि ती आजही तितकीच कामाची आहे. जे ऐकलं ते स्क्रीनवर मेनूतल्याच नावाने दाखवा. ‘पुन्हा विसळ’ म्हणणाऱ्याला ‘एक्स्ट्रा रिन्स’ उजळलेलं दिसलं की बटण कुठे आहे ते त्याला आपोआप कळतं.

आणि हे खरं तर सर्वांत आधी सांगायला हवं होतं: काम हातात घेण्याआधी दोन्ही विभागांच्या शब्द गोठवायच्या तारखा लेखी मागून घ्या. त्या वेगवेगळ्या असतील तर आधी येणारी तारीख हीच आपली मुदत, आणि ओळख-क्रमांकाचा रकाना फॉर्ममध्ये येईपर्यंत एकही नाव मंजुरीला पाठवू नका.