केळीचा भाव किती हलतो, ते मोजायचं कसं

भाव पडला की 'बाजार व्होलॅटाइल झाला' असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. पण भाव पडणं वेगळं आणि हेलकावे खाणं वेगळं. व्होलॅटिलिटी म्हणजे हेलकावे किती मोठे आहेत याचं माप. भाव वर चाललाय की खाली, हे त्यातून कळत नाही.

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीचं बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत. एका आठवड्यात पाच दिवसांचे क्विंटलचे भाव १५००, १४८०, १५२०, १४९०, १५१०. दुसऱ्या आठवड्यात १५००, १२००, १८००, १३५०, १६५०. सरासरी दोन्हीकडे १५००च. आता प्रत्येक भावातून सरासरी वजा करा, फरकाचा वर्ग करा, वर्गांची बेरीज पाचाने भागून वर्गमूळ काढा. या उत्तराला प्रमाण विचलन म्हणतात. पहिल्या आठवड्याचं उत्तर सुमारे १४ रुपये, दुसऱ्याचं २१२. म्हणजे सरासरीच्या १ टक्क्याहून कमी आणि १४ टक्के. एक्सेलमधलं एसटीडीईव्ही, म्हणजे हेच विचलन काढणारं सूत्र, पाचाऐवजी चाराने भागतं, म्हणून तिथे २३७ दिसेल. त्यात चूक काही नाही, फक्त दोन्ही आठवड्यांना एकच रीत लावा.

भाव एकाच दिशेने सरकत असेल तर मात्र ही रीत फसवते. तेव्हा रोजचा टक्केवारीतला बदल काढायचा आणि त्याचं विचलन मोजायचं. शेअर बाजारात हेच करतात. वर्षात बाजार साधारण २५२ दिवस चालतो, म्हणून रोजच्या आकड्याला २५२ च्या वर्गमुळाने, म्हणजे जवळपास १६ ने गुणलं की वार्षिक आकडा येतो. इंडिया व्हिक्स, म्हणजे शेअर बाजारातल्या अपेक्षित हेलकाव्यांचा वार्षिक टक्क्यांतला निर्देशांक, १६ असेल तर रोज साधारण १ टक्का हालचाल अपेक्षित आहे, असा त्याचा अर्थ. या रीतीतही एक खाच आहे. भाव रोज बरोबर २ टक्क्यांनी घसरला तर व्होलॅटिलिटी शून्य येते, आणि दहा दिवसांत १८ टक्के पैसा गेलेला असतो! म्हणून हा आकडा एकटा कधीच वाचू नये.

केळीचे हेलकावे मोठे, कारण घड कापला की थांबायला वेळ नाही. शीतगृहाचाही फार आधार नाही. तापमान १३ अंशांखाली गेलं की साल काळवंडते. गाडी मिळाली नाही तर पडेल तो भाव घ्यावा लागतो. कापूस घरात ठेवता येतो, त्यामुळे नको त्या दिवशी विकायची सक्ती नसते. तरी साठवताना ओल तपासा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपुढच्या ओलाव्याला पैसे कापले जातात आणि १२ च्या पुढचा माल घेतच नाहीत.

केळीत थांबता येत नाही, मग निदान लागवड विभागावी. सगळी जमीन जून-जुलैच्या मृगबागेत न घालता काही क्षेत्र सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कांदेबागेला ठेवलं, की कापणी एकाच महिन्यात येत नाही. दोन्ही बागांना भाव चांगलाच मिळेल असं नाही. पण वर्षाचं सगळं उत्पन्न एकाच आठवड्याच्या भावावर टांगलेलं राहत नाही.